‘भित्रे पाखले’ : गोव्यातल्या इतिहासाच्या शिक्षकांना खुले पत्र

गोव्यातल्या शाळांत इतिहास शिकवणाऱ्या आणि दर वर्षी १९ डिसेंबरचा कार्यक्रम बसवणाऱ्या माझ्या शिक्षक बंधुभगिनींना,

सप्रेम नमस्कार.

मी फोंडा तालुक्यातली निवृत्त शिक्षिका. छत्तीस वर्षं इतिहास आणि मराठी शिकवलं. १९८९ साली गोवा मुक्तिदिनासाठी मी वीस मिनिटांचं एक नाटुकलं लिहिलं होतं. आधी ते आमच्याच शाळेत झालं, मग झेरॉक्स प्रती फिरल्या, दुसऱ्या शाळांनी बसवलं. कोणी परवानगी मागितली नाही आणि मलाही त्याचं काही वाटलं नाही. मुलांनी ते आवडीनं करावं एवढीच इच्छा होती, आणि मुलं ते आवडीनं करत आली.

त्याचा शेवटचा प्रवेश तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. तोंडाला पावडर फासलेली पाच-सहा मुलं लाकडी बंदुका टाकतात, हात वर करून रंगमंचावर इकडून तिकडे सैरावैरा धावतात, आणि बाकीची सगळी पोरं टाळ्या पिटत ओरडतात, ‘पळाले रे पळाले, भित्रे पाखले पळाले!’ पाखले म्हणजे गोरे पोर्तुगीज. प्रेक्षागृहात हशा पिकतो. पडदा पडतो.

गेल्या डिसेंबरात एका शाळेनं मला पाहुणी म्हणून बोलावलं. पहिल्या रांगेत बसवलं. कार्यक्रमात हेच नाटुकलं होतं. ती ओळ आली, सगळे हसले, आणि माझी मान खाली गेली ती वर येईना. ती ओळ माझी आहे. ती आता खोडावी, तो प्रवेश काढून टाकावा, अशी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. नुसती विनंती करून भागणार नाही, कारण सांगायला हवं, म्हणून पत्र लांबेल.

ज्यांना मी भित्रे म्हटलं ते कोण होते, हे मी लिहिताना शोधलंच नव्हतं. आपल्या पाठ्यपुस्तकात ‘पोर्तुगीज सैन्यानं शरणागती पत्करली’ एवढं एक वाक्य. त्या वाक्याच्या पोटात साधारण साडेतीन हजार माणसं आहेत, आणि त्यातली बहुतेक वीस ते बावीस वर्षांची पोरं होती. स्वतःहून फौजेत आलेली नव्हेत. पोर्तुगालात तेव्हा सक्तीची लष्करी सेवा होती. वीस वर्षांचा झाला की गावातला प्रत्येक मुलगा तालुक्याच्या ठिकाणी तपासणीला जायचा, त्या वर्षाची सगळी पोरं मिळून. त्या दिवसाला ते ‘सोर्तिश’ म्हणत. सोर्तिश म्हणजे चिठ्ठ्या, नशीब. छाती मोजली, दात पाहिले, चिठ्ठी निघाली. देश गरीब, विशेषतः उत्तरेकडची डोंगराळ खेडी. द्राक्षाचे मळे, बटाटा, राय नावाचं धान्य, दोन गाई, आणि लिहिता-वाचता न येणारी कितीतरी माणसं. अशा घरातला थोरला मुलगा उचलला जायचा आणि जहाजात बसवला जायचा. सुएझमधून ते जहाज आलं की समोर गोव्याचं मुरगाव बंदर.

आणि त्यांना काय सांगितलेलं असायचं? इथे मी तुम्हाला शिक्षक म्हणून थोडं थांबायला सांगते. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत पोर्तुगालच्या शाळांतून एक नकाशा लावला जायचा. त्यात युरोपच्या नकाशावर अंगोला, मोझांबिक वगैरे वसाहती ठेवलेल्या, पार रशियापर्यंत पसरलेल्या, आणि वर मथळा : पोर्तुगाल हा छोटा देश नाही. देश ‘मिन्यूपासून तिमोरपर्यंत’ आहे, असं मुलांकडून घोकून घेतलं जायचं. मिन्यू म्हणजे त्यांच्या उत्तरेची नदी. १९५१ मध्ये तर ‘वसाहत’ हा शब्दच कायद्यातून काढला आणि गोवा हा ‘सागरापलीकडचा प्रांत’ ठरला. म्हणजे तो पोरगा मुरगावला उतरताना त्याच्या डोक्यात तो परक्या मुलखात येतच नव्हता. त्याला वाटायचं आपण आपल्याच एका दूरच्या जिल्ह्यात पहाऱ्यावर चाललो आहोत. हे त्याच्या डोक्यात घालणारे आपल्यासारखेच होते. हातात खडू, समोर चाळीस मुलं, भिंतीवर सरकारनं पाठवलेला नकाशा.

मग तो इथे यायचा आणि पाहायचा. बाजारात कोणी त्याची भाषा बोलत नाही. देवळात घंटा वाजते आहे, घरात कोकणी, पाटीपुस्तकात मराठी. दुकानदार नजर चुकवतो. रात्री वस्त्यांवर छापे पडतात, कोणाला तरी आग्वादच्या तुरुंगात नेतात. जो ‘जिल्हा’ म्हणून सांगितला होता तिथे आपल्याला कोणी बोलावलेलं नाही, हे कळायला फार दिवस लागत नसणार.

१९६१ हे वर्ष त्या साम्राज्याला फार जड गेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंगोलात उठाव झाला. एप्रिलमध्ये सालाझारनं ‘त्वरेनं आणि पूर्ण ताकदीनिशी अंगोलाला’ अशी हाक दिली आणि असेल नसेल तेवढं सैन्य आफ्रिकेत लोटलं. गोव्यातली फौज त्याआधीच कमी करत आणली होती. कोश्ता गोमिश नावाचे लष्करातले वरिष्ठ अधिकारी इथे पाहणी करून गेले होते, आणि भारतासमोर गोवा टिकवता येणार नाही हे त्यांना स्पष्ट दिसलं होतं. म्हणजे लिस्बनला माहीत होतं. तरी पोरं इथे ठेवली. लढाऊ विमान एकही नाही. रणगाडे नाहीत. समुद्रात ‘आफोंसो द आल्बुकेर्क’ हे १९३० च्या दशकातलं एक जुनं जहाज. बाकी काय होतं? आदेश होते.

तो १४ डिसेंबरचा संदेश मी वयाच्या पन्नाशीनंतर वाचला आणि तो वाचल्यापासून मला माझं नाटुकलं नकोसं झालं. सालाझारनं गोव्याचे गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांना कळवलं होतं की तह नाही, पोर्तुगीज युद्धकैदी नाहीत, शरणागती होणार नाही. आपले सैनिक आणि खलाशी एकतर विजयी होतील किंवा मरतील. निदान आठ दिवस तग धरा, म्हणजे जगाला हाक मारायला वेळ मिळेल, अशी अपेक्षा होती. जिंकता येणार नाही हे ठाऊक असलेला म्हातारा लिस्बनमध्ये टेबलाशी बसून साडेतीन हजार पोरांच्या मरणाचा हिशेब करत होता. त्याला विजय नको होता. त्याला प्रेतं हवी होती, युनोत दाखवायला.

त्या सैनिकांपैकी अनेकांनी पुढे सांगितलेली एक गोष्ट तुम्हाला सांगते. रणगाड्यांविरुद्ध वापरायच्या दारूगोळ्यासाठी सांकेतिक शब्द ठरला होता ‘शोरिसु’. आपण ज्याला चोरिसां म्हणतो, डुकराच्या मांसाचे सॉसेज, तोच शब्द. गोव्याहून तातडीनं शोरिसु मागवले. लिस्बनहून आले ते खरोखरचे खायचे चोरिसां. ते खोके उघडणारा पोरगा माझ्या डोळ्यांसमोर येतो आणि मला हसू येत नाही. चार दिवसांवर लढाई, आणि ज्यांच्यासाठी मरायचं त्यांना आपण काय मागितलं हेही कळलेलं नाही.

१८ डिसेंबरच्या पहाटे आपली फौज आत आली. दाभोळीच्या धावपट्टीवर बाँब पडले. त्या रात्री उरलेल्या तुकड्यावरून दोन विमानं कशीबशी उडाली आणि कराचीला गेली. त्यांत अधिकाऱ्यांची कुटुंबं होती. पोरं मागे राहिली. मुरगावच्या तोंडाशी ते जुनं जहाज आपल्या युद्धनौकांशी लढलं, कप्तान आरागाँव जबर जखमी झाला आणि जहाज बांबोळीच्या किनाऱ्याला लागलं. इकडे माघार घेताना पूल उडवले. बाणास्तरीचा पूल पडला तो आवाज आमच्या घरी ऐकू आला होता, असं आई सांगायची. आपले जवान पडले, अंजदीव बेटावर सात नौसैनिक पडले. त्यांच्या बाजूचे तीसच्या आसपास पडले. दीवमध्ये एका लहानशा गस्ती नौकेवर एक तरुण लेफ्टनंट विमानांशी झुंजत मेला. हे सगळे मेले कारण एका माणसाला आपला नकाशा सोडवत नव्हता.

आणि १९ च्या संध्याकाळी वास्कोला गव्हर्नर जनरलनं शरणागतीच्या कागदावर सही केली. गोवा उद्ध्वस्त करून जा, हेही त्याला सांगितलेलं होतं. त्यानं ते केलं नाही. पूल गेले, पण पणजी उभी राहिली, जुन्या गोव्याची चर्चेस उभी राहिली, आणि रस्त्यावर आलेली माणसं घरी परत गेली. त्यानं ‘मरा’ हा हुकूम मोडला म्हणून साडेतीन हजार घरांत तार गेली नाही, आणि आपल्याही किती घरांत गेली नाही ते मोजता येणार नाही. माझ्या नाटुकल्यात याच क्षणाला हशा होता.

आता घरातली गोष्ट सांगते, जी मी नाटुकलं लिहिताना आईला विचारायला हवी होती आणि विचारली नाही.

शरण आलेल्यांना आधी त्यांच्याच छावण्यांत ठेवलं होतं, नावेली, आग्वाद, वास्कोजवळचं आल्पार्केरोस, फोंडा. पुढे जानेवारीत बहुतेकांना फोंड्याच्या छावणीत आणलं. सुरुवातीचे दिवस वाईट होते, सिमेंटच्या जमिनीवर झोपायचं, अंगमेहनतीची कामं. आपल्याकडून झालं म्हणून ते लपवू नये. आई तेव्हा अठरा वर्षांची. तिची आई, म्हणजे माझी आजी, गायवासरं राखायची. रस्त्याच्या कामाला कैद्यांची एक टोळी आमच्या गडग्याजवळून जायची. एक दिवस त्यातला एक पोरगा गडग्याला टेकून खाली बसला. त्याच्या बुटाचा तळ पुढून सुटला होता आणि त्यानं तो सुंभानं बांधला होता. सुंभ तुटला होता. पहाऱ्यावरचा जवान उभा राहिला, काही बोलला नाही.

आजी आत गेली आणि गोणी शिवायचं दाभण आणि सुतळी घेऊन आली. तिला वाटलं होतं आपण शिवून द्यावं. पोरानं हात पुढे केला, दाभण घेतलं आणि स्वतःच शिवायला बसला. आई सांगायची, टाके सरळ होते, एकसारखे, शेवटची गाठ दातांनी ओढून मारली. मग दाभण पॅंटीला पुसलं आणि दोन्ही हातांनी आजीला परत दिलं. एवढ्यात आमचं वासरू गडग्यावरून मान काढून हुंगायला लागलं. त्या पोरानं त्याच्या शिंगाच्या मुळाशी, कानामागं जिथे खाजवलं की जनावर डोळे मिटतं, नेमकं तिथे खाजवलं. वासरानं डोळे मिटले. पोरगा उठेना. जवानानं हाक मारली तेव्हा उठला, आणि वळून न बघता गेला, कारण रडत होता.

आजी आत येऊन चुलीपाशी बसली आणि म्हणाली, ‘शेतकाराचो पूत हो. आवयन धाडूंक ना ताका, ओडून हाडला.’ आईनं पाठवलेला नाही याला, ओढून आणला आहे. माझी आजी कधी शाळेत गेली नाही. तिला सालाझार माहीत नव्हता, सोर्तिश माहीत नव्हतं, अंगोला माहीत नव्हतं. जे मला पन्नाशीनंतर कागदपत्रांतून कळलं ते तिला वासराच्या कानामागचा हात बघून कळलं. आणि मी, तिची शिकलेली नात, त्याच फोंड्यात बसून ‘भित्रे पाखले’ लिहीत होते.

कैदेचे ते महिने लांबले ते आपल्यामुळे कमी आणि लिस्बनमुळे जास्त. भारत त्यांना परत पाठवायला तयार होता. कोणत्या विमानानं, कोणाच्या जहाजानं, यावर सालाझार अडून बसला. सूड म्हणून मोझांबिकमधल्या भारतीय व्यापाऱ्यांना त्यानं छावण्यांत डांबलं आणि त्यांची मालमत्ता घेतली. इकडे पोरांचा धीर सुटत चालला. १९ मार्च १९६२ ला काही जण कचऱ्याच्या ट्रकमधून पळून जायला निघाले आणि पकडले गेले. प्रकरण इतकं चिघळलं की गोळ्या घालण्याची भाषा झाली, आणि फेरैरा द सिल्व्हा नावाचे लष्करी पाद्री मध्ये पडले म्हणून निभावलं. त्यानंतर त्यांच्या एका कप्तानाला आपल्या शिपायांनी बंदुकीच्या दस्त्यांनी मारलं. हेही मुलांना सांगायला हवं. आपली बाजू न्यायाची होती, म्हणून आपल्या हातून झालेली मारहाण न्याय्य होत नाही.

मे १९६२ मध्ये त्यांना विमानानं कराचीला आणि तिथून ‘व्हेरा क्रूझ’, ‘पात्रिया’ आणि ‘मोसांबिक’ या तीन जहाजांनी लिस्बनला नेलं. आणि तिथे जे झालं ते वाचून माझ्या हातातलं पुस्तक खाली गेलं. धक्क्यावर आया, बहिणी, बायका उभ्या होत्या. लष्करी पोलिसांनी या पोरांना बंदुका रोखून उतरवून घेतलं आणि घरच्यांना भेटू दिलं नाही. चौकश्या सुरू झाल्या. का शरण आलात? का मेला नाहीत? अधिकाऱ्यांवर हुकूम मोडल्याचे आरोप ठेवले. मार्च १९६३ मध्ये गव्हर्नर जनरलसह बाराजणांना लष्करातून हाकलून दिलं. कारण काय दिलं? भ्याडपणा.

म्हणून सांगते, बंधुभगिनींनो. माझ्या नाटुकल्यातला शब्द आणि सालाझारच्या मंत्रिमंडळाचा शब्द एकच आहे. ज्या हुकूमशहानं गोमंतकीयांना आग्वादच्या कोठड्यांत कुजवलं, त्याच्याच तोंडचा शब्द मी आपल्या मुलांच्या तोंडी दिला आणि त्याला मुक्तीचा उत्सव म्हटलं. छत्तीस वर्षं मुलं ती ओळ सालाझारच्या वतीनं म्हणत आली आहेत.

‘व्हेरा क्रूझ’ हे नाव लक्षात ठेवा. गोव्याचे कैदी घरी आणणारं हे जहाज पुढे वर्षानुवर्षं सैनिक भरभरून अंगोलाला नेत राहिलं. १९६३ ला गिनीत, १९६४ ला मोझांबिकमध्येही युद्ध पेटलं, तीन आघाड्या झाल्या. ९० लाखांच्या आतल्या लोकसंख्येच्या त्या देशानं तेरा वर्षांत आठ लाखांच्या आसपास तरुण आफ्रिकेत पाठवले. नऊ हजारांच्या आसपास परत आले नाहीत. आफ्रिकेतली जी माणसं मेली ती याहून कितीतरी जास्त. तपासणीचा दिवस जवळ आला की पोरं रात्री डोंगर ओलांडून स्पेनमार्गे फ्रान्सला पळून जायला लागली. बापच वाटाड्याला पैसे देऊन मुलाला सीमेपार लावायचे. मिन्यूपासून तिमोरपर्यंतच्या नकाशावर आता तिथल्या खेड्यांचाच विश्वास उरला नव्हता.

आणि लष्करात गोवा विसरला गेला नव्हता. १९७२ मध्ये गिनीतलं युद्ध हाताबाहेर चाललं होतं. तिथले सेनापती स्पिनोला यांनी वाटाघाटीची परवानगी मागितली, तेव्हा सालाझारनंतर आलेल्या पंतप्रधान काएतानोंनी सांगितलं की वाटाघाटीपेक्षा मानानं झालेला लष्करी पराभव परवडेल. ज्या अधिकाऱ्यांनी हे ऐकलं त्यांना लगेच १९६१ आठवलं. पुन्हा एकदा आपल्याला मरायला ठेवतील आणि मेलो नाही तर भ्याड म्हणून हाकलतील, ही भीती कप्तानांच्या चळवळीच्या मुळाशी असलेल्या कारणांपैकी एक होती. त्याच कप्तानांनी २५ एप्रिल १९७४ ला पहाटे लिस्बनमध्ये रणगाडे आणले आणि संध्याकाळपर्यंत अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही संपवली. लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोवली. वसाहतींची युद्धं थांबली. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालनं गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करारानं मान्य केलं. व्हासालो इ सिल्व्हांना त्यांचा हुद्दा परत मिळाला, आणि पुढे ते गोव्याला आले तेव्हा इथल्या माणसांनी त्यांचं स्वागत केलं.

हे मी आमच्या एका व्हॉट्सअॅप गटात थोडक्यात लिहिलं तेव्हा एका जुन्या सहकाऱ्यानं रागानं विचारलं, बाई, मग १५ ऑगस्ट १९५५ चं काय? पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या कोणी चालवल्या? त्यांचा राग मला मान्य आहे. माझ्या वर्गात पत्रादेवीचा धडा शिकवताना दर वर्षी माझा आवाज भरून यायचा. ते मी पुसत नाही आणि कोणाला पुसू देणार नाही. पण मुलांना फरक शिकवायचा असतो. काझिमिरो मोंतैरो हे नाव जुन्या पिढीला ठाऊक आहे. स्वातंत्र्यसैनिकांचा छळ करणारा हा पोलीस अधिकारी कोणी ओढून आणलेला पोरगा नव्हता. तो गोव्यातच जन्मलेला, छळ हा त्याचा धंदा होता, आणि त्याच माणसानं १९६५ मध्ये स्पेनच्या सीमेवर सालाझारचे विरोधक जनरल उंबेर्तु देल्गादु यांचा खून केला. आपल्याला छळणारा हात आणि पोर्तुगीजांना मारणारा हात एकच होता. उलट गोवा मुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे लिस्बनजवळच्या ज्या काशियश तुरुंगात कितीतरी वर्षं होते, १९६९ साली सुटले, त्याच तुरुंगाची दारं २५ एप्रिलनंतर दोन दिवसांत सैनिकांच्या साक्षीनं राजकीय कैद्यांसाठी उघडली. यातला कोण आपला शत्रू आणि कोण नाही, हे गणवेशाचा रंग पाहून ठरवायचं असेल तर इतिहासाच्या तासाची गरजच काय?

आणि आपल्याकडे याची रीत जुनी आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली ती किती प्राणांची किंमत देऊन, हे आपण सगळेच शिकवतो. त्यानंतर किल्ल्यातल्या पोर्तुगीज शिबंदीला त्यांनी हत्यारांसह, निशाण फडकवत, बायकामुलांसकट मानानं बाहेर जाऊ दिलं. हे तहाच्या कलमांत आहे. त्या रणात इतकी माणसं गमावलेल्या मराठी फौजेला जे जमलं ते आपल्या स्नेहसंमेलनाला का जमू नये?

माझी विनंती म्हणून तीनच गोष्टींची आहे. शेवटचा प्रवेश काढा. ज्यांच्याकडे त्या नाटुकल्याची प्रत असेल त्यांनी ती ओळ आजच पेनानं खोडावी. मोकळ्या झालेल्या पाच मिनिटांत १४ डिसेंबरचा तो संदेश एका मुलानं सरळ वाचून दाखवावा, पाठोपाठ दुसऱ्यानं मार्च १९६३ चा भ्याडपणाचा निकाल वाचावा, आणि मधे कोणी काही बोलू नये. मुलांना कळतं, त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

दुसरं, नववी-दहावीच्या मुलांना फोंडा, नावेली, वास्को, बांबोळी इथल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांकडे पाठवा. मोबाईलवर रेकॉर्ड करू द्या. तारेपलीकडून कोणी काय मागितलं, कोणी केळी दिली, कोणी दगड मारला, सगळं येऊ द्या. शिवाय त्या फौजेत आपल्याच गावांतली शेकडो पोरं होती, पोर्तुगीज गणवेशातली, त्यांच्या घरांत आजही कोणी याविषयी बोलत नाही. तिथे मुलांनी दार ठोठावण्याआधी तुम्ही स्वतः जाऊन बसा. माझी आई तीन वर्षांपूर्वी गेली. तिच्याकडून मी जे ऐकलं ते शेवटच्या आजारपणात, तुटक तुटक. त्या पोराचे केस कोणत्या रंगाचे होते हे विचारायचं राहिलं. तुम्हाला वेळ आहे, पण फार नाही.

तिसरं, वर्गात जगाचा नकाशा लावाल तेव्हा मुलांना त्या दुसऱ्या नकाशाची गोष्ट सांगा, तो कोणी लावला आणि तो पाहून मोठी झालेली मुलं कुठे कुठे जाऊन पोचली ते.

आजीचं दाभण आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात आहे. मूठ लाकडी, टोक थोडं वाकलेलं. या १९ डिसेंबरला एखाद्या शाळेला ते टेबलावर ठेवून मुलांना दाखवायचं असेल तर मी घेऊन येईन. पाहुणी म्हणून खुर्ची नको. मुलांबरोबर खाली बसेन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
फोंडा, गोवा